बायकोच्या बंदुकीचा वेग

वेगाबद्दल मला कुणी शिकवू नये! गेली कित्येक वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवतोय. डोळे मिटून शेजारच्या सीटवर बसलो, तरी नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून सांगतो की, बाई, तुम्ही चाळिसावर आहात आणि गिअर अजून दुसराच आहे! आमच्या शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूला एक जादा ब्रेक असतो. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, घाम दुसऱ्याला, पण पाय माझा ब्रेकवर. हा पाय मी घरी आल्यावरही उचलत नाही, असं बायकोचं म्हणणं आहे.

"तुम्हाला ना, दुसऱ्याच्या हातातलं काही बघवतच नाही!" ती म्हणते.

साफ खोटं! मी फक्त मदत करतो.

तर ही माझी बायको औषधांच्या दुकानात काम करते आणि एअर रायफल चालवते. दुकानात नव्हे हो, क्लबात! दोन वर्षं झाली, हे खूळ नाही, तपश्चर्या आहे. सगळं घर घोरत असताना ही पहाटे उठते आणि हॉलमध्ये रिकामी रायफल खांद्याला लावून पुतळ्यासारखी उभी राहते. हात भरून येईपर्यंत! माझी आई एकदा पाणी प्यायला उठली, समोर बंदूक बघितली आणि दोन्ही हात वर करून तिथंच उभी राहिली. बायकोला पत्ताच नाही, तिचा डोळा भिंतीवरच्या ठिपक्यावर!

त्या रविवारी क्लबच्या संघाची निवड होती. संघात चार जागा. तीन जागा ठरल्यातच जमा होत्या. चौथीसाठी दोघींत चुरस होती, माझी बायको आणि एक दातांची डॉक्टरीण. मागच्या वर्षी बायकोची जागा थोडक्यात हुकली होती. तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. या वर्षी ती जागा तिला मिळायलाच हवी होती. तिच्यापेक्षा मला जास्त हवी होती म्हणा ना!

शुक्रवारी क्लबच्या दारात डॉक्टरीणबाईंचा नवरा भेटला. गृहस्थ सदा हसतमुख. घरात दातांचा दवाखाना असल्यावर हसायला काय जातंय!

"आमच्या हिच्या बंदुकीचा वेग मोजून घेतला कालच," तो म्हणाला. "वहिनींच्या बंदुकीचा घेतलात का?"

"आमचा बरोबरच असतो!"

"असतो म्हणजे? मोजलाय?"

झालं! माझा पाय ब्रेकवर गेला.

तसाच बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा, त्याच्या मुलीला मीच गाडी शिकवली. वेग मोजायचं यंत्र त्याने एका दिवसासाठी दिलं. पावाच्या लादीएवढा डबा, वर दोन खिडक्या. छर्रा त्या खिडक्यांवरून गेला की आकड्यात वेग दिसतो.

"कागदावर नेम धरायला छर्रा फार पळवू नका, साहेब," तो म्हणाला. "सेकंदाला साडेपाचशे-पावणेसहाशे फूट, बस्स. आवाजाच्या वेगाजवळ नेलात की भरकटतो. आणि फार हळू केलात तर कागदाला स्वच्छ भोक पडत नाही, कागद फाटतो."

"म्हणजे भरधावही नको आणि रांगणंही नको! अहो, मी रोज हेच तर शिकवतो!"

"आणि यंत्र वापरताना उजेडाची एक गोष्ट..."

"उजेडाची काळजीच सोडा! आमच्या हॉलमध्ये दोन-दोन ट्यूबलाइट आहेत. लख्ख!"

त्याने पुन्हा तोंड उघडलं, पण तोवर मी यंत्र काखेत मारून रस्त्यावर!

शनिवारी संध्याकाळी बायको तिच्या औषधांच्या दुकानात होती. मी पडदे ओढले, दोन्ही ट्यूबलाइट लावल्या, एका खोक्यात जुन्या चादरी कोंबल्या, ते भिंतीला टेकवलं आणि मधे स्टुलावर यंत्र मांडलं. आईला माझ्या मागे सोफ्यावर बसवलं. ती मटार सोलत होती.

"तिला विचारलंस का रे?" आई म्हणाली.

"अगं, तिला उद्या सरप्राइज देणार आहे!"

रायफल उचलली, नेम धरला. फटाक्! छर्रा खोक्यात गडप. यंत्रावर आकडा आला, चौदाशे बारा!

मी उडालोच. चौदाशे! पाहिजेत साडेपाचशे आणि ही बया चौदाशेने मारतेय! म्हणूनच मागच्या वर्षी जागा हुकली! दोन वर्षं बिचारी पहाटे उठते आणि बंदूक मात्र भरधाव ट्रकसारखी सुटलेली. मला तर भरून आलं. बरं झालं मी आहे!

बंदुकीच्या मागच्या अंगाला वेग कमी-जास्त करायचा एक बारीक स्क्रू असतो. तो थोडा सैल केला. फटाक्! तेराशे नव्वद. आणखी सैल. फट्! चौदाशे तीस!

"वाढला?" मी ओरडलो. "कमी करतोय तर वाढतोय!"

"आवाज तर कमी झाला की रे," आई म्हणाली.

"आई, तू मटार सोल. यंत्र खोटं बोलत नाही!"

मग मी इरेलाच पेटलो. स्क्रू फिरवायचा, मारायचं, आकडा बघायचा. तेराशे, चौदाशे, एकदा तर नुसत्याच दोन रेघा. आवाज फट्वरून पट्वर आला, पट्वरून फुस्सवर आला. इंजिनाचा आवाज ऐकून वेग सांगणारा मी! पण माझे कान त्या दिवशी बहुतेक रजेवर होते. शेवटी एकदाचा आकडा आला, पाचशे अडुसष्ट!

"जमलं!" मी नाचलोच.

आई उठून खोक्याजवळ गेली, चष्मा सरसावून वाकली. "आधीचे आत चादरीत गेलेत रे. हा बघ, पुठ्ठ्यातच अडकलाय. शेपूट बाहेर आहे."

"म्हणजे आता बेताचा झाला!" मी म्हणालो आणि सगळं आवरून रायफल पुसून पेटीत ठेवली. बायको आली, थकलेली होती, जेवली आणि झोपली. आईने माझ्याकडे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

रविवारी क्लबात नेमबाज एका रेघेवर उभे राहिले. आम्ही प्रेक्षक मागे, दोरीच्या अलीकडे. तिथं एकच नियम, बोलायचं नाही! मिशाळ पंच त्यासाठीच नेमलेला. खऱ्या स्पर्धेआधी थोडा वेळ सरावाचे छर्रे मारायला मिळतात, ते गुणांत धरत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मारला. फट्! छान काळ्या ठिपक्यात. बायकोने मारला.

फुस्स!

कागदावर काहीच नाही. तिने नळीकडे बघितलं. पुन्हा मारला. फुस्स! कागद कोराच. तिसऱ्यांदा पार तळाला, पांढऱ्या कडेशी, एक भोक उमटलं.

डॉक्टरीणबाईंचा नवरा कानाशी कुजबुजला, "वहिनी छर्राच मारतायत ना हो? की फुंकर?"

बायको हळूच वळली आणि थेट माझ्याकडे बघितलं. बंदूक दहा हात लांब होती म्हणून वाचलो. एरवी तिच्या रागाला मी सरावलोय हो, पण त्या डोळ्यांत राग नव्हता. त्यात मागच्या वर्षीचा तो न्हाणीघरातला नळ होता. मला अक्षरशः रडू यायला लागलं. काय करून बसलो मी हे!

ओरडून सांगावं, "स्क्रू आवळ!" तर पंचाने मिशीवरून बोट उचललं. मग मी खुणा केल्या. दोन्ही हात पुढे धरून जोरजोरात उजवीकडे फिरवले. स्क्रू! आवळ! उजवीकडे!

पंचाला वाटलं मी हवेत गाडी चालवतोय. त्याने मला खांद्याला धरून आणखी मागे नेऊन बसवलं. तिथूनही मी फिरवतच होतो!

बायकोने ते बघितलं. तिचा चेहरा दगडासारखा झाला. ती वळली, आणि स्क्रूला हातही न लावता नेम धरायच्या दुर्बिणीसारख्या भागाची चकती फिरवू लागली. टक, टक, टक... संपेचना! छर्रा खाली पडतोय तर नेमच वर उचलायचा. मारला, पाहिला, पुन्हा टक टक. वेळ संपायच्या जरासं आधी एक भोक काळ्या ठिपक्यात आलं.

आणि मग खरी स्पर्धा सुरू झाली. काय सांगू! ती हललीच नाही. फुस्स! थांबायची. फुस्स! थांबायची. शेजारी डॉक्टरीणबाई फट् फट् मारून मोकळ्या, आणि ही प्रत्येक छर्रा सुटल्यावरही त्याला पोचवून आल्यासारखी उभी. मी बोटांच्या फटीतून बघत होतो. सरळ बघायची हिंमत नव्हती.

शेवटी गुण मोजले. दोघी अगदी तोडीस तोड! सगळं अडलं बायकोच्या शेवटच्या भोकावर. छर्रा इतका सावकाश गेलेला, की कागदाला भोक पडण्याऐवजी तो फाटलाच होता.

"हे भोक आहे की उंदराने कुरतडलंय?" पंच म्हणाला. त्याने भिंग काढलं, मापाची खुंटी घातली, उजेडात धरलं. दुसऱ्या पंचाला बोलावलं. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. मी एवढा वेळ श्वास रोखून होतो, की डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने मला पाणी दिलं.

"दहा!" पंच म्हणाला.

एका गुणाने! बायको संघात! ती तिथंच खाली बसली आणि तोंडावर ओंजळ धरून हसत होती की रडत होती, देव जाणे. मी दोरी ओलांडून धावलो.

क्लबचे सर तिच्यापाशी आले. "वा! आज छर्रा सुटल्यावर काय स्थिर उभी होतीस! दोन वर्षं हेच घसा कोरडा करून सांगत होतो. आज कसं जमलं?"

"सर, तो पोचेपर्यंत थांबावंच लागत होतं!" बायको म्हणाली.

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण पाय गेलाच!

"सर, त्याचं काय आहे, वेग मीच कमी केला," मी छाती काढून म्हणालो. "चौदाशे होता!"

"चौदाशे?" सर दचकले. "ही बंदूक? कुठं मोजलात?"

"घरी, हॉलमध्ये."

"ट्यूबलाइट चालू होती?"

"अर्थात! अंधारात आकडा दिसणार कसा?"

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, ते यंत्र छर्र्याची सावली टिपतं. ट्यूबलाइट फडफडत असते, आपल्याला दिसत नाही, यंत्राला दिसतं. तुम्ही छर्र्याचा नाही, ट्यूबलाइटचा वेग मोजलात!"

सगळा क्लब हसला. पंचाची मिशी हसली. बायको मात्र हसली नाही.

"म्हणजे ते हात फिरवणं स्क्रूसाठी होतं?" तिने विचारलं.

"मग? तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, गाडी काढतो, घरी जाऊ, असं म्हणताय!" ती म्हणाली. "असा संताप आला ना! म्हटलं, दोन वर्षं पहाटे उठले ती काय पहिल्या फुस्सला घरी जायला? आता मेले तरी हलणार नाही! आणि नाही हलले!"

मी तिथंच कान धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी क्लबात पाटी लागली. 'नेमबाजांच्या नातेवाइकांनी बंदुकांपासून दहा मीटर लांब राहावे.' बाकीचे नातेवाईक आपापले कुठंही उभे राहतात. माझी जागा मात्र बायकोने स्वतः टेपने मोजली, खडूने रेघ मारली आणि खुर्ची बरोबर त्या रेघेवर ठेवली. मीही मुकाट्याने बसलो. म्हटलं, चला, एवढ्यावर भागलं!

या खेळात लक्ष्याचा कागदही बरोबर दहा मीटरवरच टांगतात, हे मला तिथं बसल्यावर कळलं.