न उतरलेला व्याही

महिपतने महाडच्या गाडीतळावर गाडी थांबवली आणि बैलांच्या मानेवरचं जू उतरवायला हात घातला, तेवढ्यात सदू समोर येऊन उभा राहिला. सदू हा गाडीतळाच्या मक्तेदाराचा वसुलीचा माणूस. गळ्यात कातडी पिशवी, हातात पावतीबुक आणि चेहऱ्यावर कायमचं ओशाळेपण, कारण दिवसभर लोकांच्या शिव्या खाणं हीच त्याची नोकरी होती.

"एक आणा," सदू म्हणाला.

"कसला?"

"गाडी उभी ऱ्हायाचा."

"गाडी माजी, बैल माजे, आपल्या पायांवर उभे ऱ्हानार. तुज्या मालकाचं काय जातंय?"

सदूने खांबावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. महिपतला वाचता येत नव्हतं, म्हणून सदूनेच वाचून दाखवलं: 'बैल सोडून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीस एक आणा.' मग ती गाडी पलीकडच्या आळीतून आलेली असो की घाटावरून, घटकाभर थांबो की दिवसभर.

"आन ही?" महिपतने शेजारी हात केला. तिथे कुणा वकिलाची काळी मोटार दोन गाड्यांची जागा अडवून उभी होती. "हिच्याकडनं किती घेतलंस?"

"ती मोटार हाय."

"मंग ती काय हवंत उभी हाय?"

"पाटीवर लिवलंय, बैल सोडून. मोटारीला बैलच नायत, तर ती सोडनार काय?"

महिपत आ वासून बघत राहिला. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला त्याची वाडी. कोंबडं आरवायला निघून, हाडं खिळखिळी करून तो इथे पोचला होता, आणि मोटारीतल्या माणसाला फुकट व त्याला आणा! माणूस गरीब असला तरी चालेल, पण त्याला कुणी खुळ्यात काढलेलं त्याला चालत नाही. महिपतने थोडा विचार केला.

"म्हंजी बैल सोडलेच नाय, तर आणा नाय?"

सदूने पाटी पुन्हा वाचली. अगदी खालपर्यंत वाचली. "नाय," तो म्हणाला.

"मंग नाय सोडत." आणि महिपत कासरा हातात धरून पुन्हा धुरेवर चढून बसला.

इतर कुठल्याही बाजाराला हे खपून गेलं असतं. पण आज बाजार नव्हता, बस्ता होता. महिपतची एकुलती लेक तुळसा हिचं लग्न शिवथरच्या खोऱ्यातल्या मालोजींच्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा मुंबईला गिरणीत, घरी भाताची पाणथळ खाचरं, दारात तीन गाड्या. असं स्थळ वाडीत कुणाला आलं नव्हतं. लग्नाचं कापड घ्यायला दोन्हीकडची माणसं आज तळासमोरच्या कापडाच्या दुकानात भेटणार होती. दोन्ही व्याह्यांनी पहिल्या लुगड्याला हात लावून हळदकुंकू वाहिलं की मगच पुढचं कापड फाडायचं, ही रीत.

"आवो, चला की," महिपतची बायको आवडी गाडीतून उतरत म्हणाली.

"तुमी व्हा म्होरं. लुगडी निवडायला मी कशाला? हितनं दिसतंय मला समदं."

"आन हळदकुंकू?"

"त्या टायमाला बघू."

आवडीने नवऱ्याकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, सदूकडे पाहिलं. मग तिने पदर सारखा केला आणि लेकीला घेऊन ती दुकानात गेली.

त्या टायमाला काय बघणार, हे महिपतलाही ठाऊक नव्हतं. पाखऱ्या नावाचा त्याचा डावा बैल त्याच्याशिवाय कुणाच्या हाती जुंपलेला उभा राहत नसे. म्हणजे कासरा सोडला की बैल जाणार, आणि बैल सोडले की आणा जाणार. शिवाय सदू खांबाला टेकून तिथेच उभा होता.

दुकानात, आपल्या तिन्ही गाड्या तळावर सोडून आलेले मालोजी, त्यांची बायको बनुबाई आणि चारपाच सोयरे गादीवर बसले होते. रामराम झाला, पानसुपारी झाली. दुकानदाराने पहिलं हिरवं लुगडं उलगडलं आणि सगळ्यांची नजर दाराकडे गेली.

"व्याही कुटं ऱ्हायले?" मालोजींनी विचारलं.

"गाडीवर हायत," आवडी म्हणाली आणि खाली बघत राहिली.

लग्न जमवणारे हैबतीबुवा बाहेर आले. हैबतीबुवांनी चाळीस वर्षं पंचक्रोशीतल्या सोयरिकी जुळवल्या होत्या, आणि तंटे मिटवताना त्यांचे गुडघे झिजले होते.

"महिपता, उतर रे. समदी खोळंबली हायत."

महिपतची पंचाईत झाली. आण्यासाठी बसलोय म्हणून सांगावं, तर शिवथरची माणसं म्हणणार, आण्याला महाग असलेल्या घरची मुलगी कशाला करायची?

"मी उतरत नाय," तो म्हणाला. "आन कारन इचारू नका."

हैबतीबुवांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लग्नकार्यात जो माणूस गाडीतून खाली उतरत नाही आणि कारण सांगत नाही, तो रुसलेला असतो, हे त्या मुलखात पाळण्यातलं पोरही सांगेल. नवरा रुसतो, नवऱ्याचा बाप रुसतो, मग काहीतरी कबूल करून त्यांना उतरवून घ्यावं लागतं. पण मुलीचा बाप रुसलेला बुवांनी जन्मात पाहिला नव्हता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या रुसव्यांपुढे वाकलेल्या त्या म्हाताऱ्याची छाती आज दोन बोटं फुगली.

"व्याही रुसलेत," दुकानात येऊन त्यांनी जाहीर केलं.

"रुसले?" मालोजी अर्धे उठले. "आमी काय केलं?"

"ते तुमचं तुमी आठवा."

बुवांनी हे उगाच म्हटलं होतं, पण त्याचा परिणाम भलताच झाला. प्रत्येकजण आठवू लागला. आणि माणसाने मनापासून आठवलं तर काहीतरी सापडतंच.

"माजंच चुकलं गो बाय," बनुबाई आवडीचा हात धरून म्हणाल्या. "साखरपुड्याला मी म्हनले, भात जरा चिकाट झालाय. त्यांनी ऐकलं असंल."

आवडीने पदर तोंडाला लावला.

"तुजं नाय, माजं चुकलं," मालोजी खाकरत म्हणाले. "देवळापाशी भेटले तवा मी आधी रामराम नाय घातला. तोंडात पान व्हतं." मग नवऱ्या मुलाच्या काकांनाही काहीतरी आठवलं, पण ते कुणी ऐकून घेतलं नाही.

आधी चहा पाठवला. पाखऱ्याच्या नाकाशी माशी बसली होती आणि महिपतचे दोन्ही हात कासऱ्यात गुंतले होते. "नको, नको, घिऊन जा," तो ओरडला. चहा तसाच परत आला. मालोजींनी व्याह्यांसाठी घेतलेला साधा फेटा बाजूला ठेवला आणि जरीचा काढायला सांगितला.

इकडे महिपत उन्हात भाजून निघत होता. फाल्गुनातलं ऊन, डोक्यावर ना झाड ना छप्पर. दुकानाच्या दारातून एकेक डोकं बाहेर येई, त्याच्याकडे बघे आणि आत जाई. आण्याची गोष्ट कळली वाटतं, माणसं हसतायत, असं वाटून त्याने शरमेने मुंडासं कपाळावर ओढलं. दारातून पाहणाऱ्याला तो आणखीच घुम्म दिसू लागला.

"चांगलाच तापलाय," हैबतीबुवा आत सांगत होते. "निसत्या फेट्यावर भागंलसं वाटत नाय."

"मंग इहिणबाईंना जरीकाठी लुगडं," मालोजी म्हणाले. "भारीतलं काढा शेट."

आवडीने मान आणखी खाली घातली.

नेमका त्याच वेळी वकिलाचा ड्रायव्हर आला आणि त्याने मोटारीचं हँडल फिरवलं. मोटार खोकली, शिंकली आणि धाडकन सुरू झाली. पाखऱ्या उधळला. महिपत "हो हो हो" करत कासऱ्याला लोंबकळला. गाडीने गर्रकन अर्धा फेरा घेतला आणि दुकानाकडे पाठ करून उभी राहिली. मोटार एक दमडी न देता निघून गेली. महिपतला गाडी पुन्हा वळवायची होती, पण पाखऱ्या ऐकेना.

"पाठ फिरवली!" दारातून काका किंचाळले.

आता मात्र दुकानात रडारड व्हायची बाकी राहिली. तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून बनुबाईंनी तिला जवळ ओढलं. "रडू नको गो. तू आमचीच हाईस. काय व्हील ते व्हील."

"तुळसाच्या गळ्यात घालायला सोन्याची पुतळी," मालोजी निर्वाणीच्या आवाजात म्हणाले. "शब्द देतो. आन बुवा, तुमी बसा. मी सोता जातो."

जरीचा फेटा दोन्ही हातांवर घेऊन मालोजी उन्हात आले. मागून सगळं दुकान आलं, शेजारचा वाणी आला, तराजू टाकून तांदूळवाले आले. मालोजी गाडीला वळसा घालून महिपतसमोर उभे राहिले. एवढा तीन गाड्यांचा धनी, पण डोक्यावरचं पागोटं काढून त्यांनी बगलेत धरलं होतं.

"व्याही, पदरात घ्या. आमचं काय चुकलं आसंल तर ह्या पांढऱ्या केसांकडं बघून इसरा. पोरीला मी लेकीवानी ठेवीन. पर असं पाठ फिरवून बसू नका."

महिपतला हुंदकाच आला. एका आण्यापायी एवढा भला माणूस आपल्यासमोर उघड्या डोक्याने उभा आहे, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न मोडलं तर मोडो, पण खोट्या मानाचा फेटा त्याला डोक्यावर चढवून घेता येईना.

"रुसलोय कुटं हो मी!" तो भडभडून म्हणाला. "आण्यासाठी बसलोय! बैल सोडले का हा सदू आणा घेतो, आन मोटारीला फुकट. म्हनून सोडले नायत. सकाळधरनं."

हैबतीबुवांनी कपाळाला हात लावला. मालोजींनी सावकाश सदूकडे पाहिलं.

"खरं काय रे?"

"व्हय जी," सदू पुटपुटला. "पाटीवरच हाय तसं."

"म्हंजी बैल जुंपलेले ठिवले तर काय नाय पडत?"

"नाय पडत."

"आन माज्या तीन गाड्यांचे तीन आणे?"

"तुमी बैल सोडले ना, मालक."

मालोजींचा चेहरा लाल झाला. ते एकदा आपल्या सोडलेल्या तीन गाड्यांकडे बघत, एकदा महिपतच्या जुंपलेल्या गाडीकडे. महिपतने डोळे मिटून घेतले. पुढच्याच क्षणी त्याच्या डोक्यावर जरीचा फेटा येऊन बसला.

"वीस वर्सं ह्या तळावर पैसं मोजतोय मी," मालोजी गरजले, "आन एक दिस माज्या ध्यानात नाय आलं! बुवा, आमचा पोरगा मुंबईस ऱ्हातो, निम्मा पगार चहात आन नाटकात घालवतो. त्याला असाच सासरा पायजे. सोयरीक पक्की!"

"मंग पुतळी ऱ्हायली म्हना," हैबतीबुवा हळूच म्हणाले.

"ऱ्हायली कशी? दिल्ला शब्द माघारी घ्यायचा नाय."

तेवढ्यात गर्दीतून आवडी पुढे आली. तिने कनवटीची गाठ सोडली, एक आणा काढून सदूच्या तळहातावर ठेवला आणि स्वतःच्या हाताने जू उतरवलं.

"मानसांचं मानपान झालं असंल तर जनावरांना पानी पाजा," ती म्हणाली. "त्यांनी काय कुनाचं घोडं मारलंय?"

सदूने पावती फाडून दिली. दिवसभरात शिवी न देता मिळालेला तो पहिलाच आणा होता, म्हणून त्याने बैलांना पाण्यावर न्यायलाही मदत केली. आत दोन्ही व्याह्यांनी हिरव्या लुगड्याला हात लावला, हळदकुंकू झालं, आणि बस्ता तासाभरात उरकला.

परतीच्या वाटेला लागले तेव्हा उन्हं कलली होती. तुळसा मागे कापडाच्या गाठोड्याला टेकून झोपली होती. आवडी मांडीवरच्या जरीकाठी लुगड्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. शेवटी महिपतला राहवेना.

"आवडे, तुला ठावं व्हतं, मी आण्यासाठी बसलोय ते?"

"गाडीतनं उतरले तवाच."

"आन आणा तुज्या कनवटीला व्हता?"

"व्हता."

"मंग गो, तवाच का नाय दिलास? सकाळधरनं उन्हात भाजलो मी!"

आवडीने लुगड्याची घडी नीट केली.

"दिला असता," ती म्हणाली, "तर तुमी उतरला असता ना!"