खोक्याची चतुःसीमा

पुठ्ठ्याच्या खोक्यालाही पूर्व-पश्चिम असते, हे मला आमच्या बबनआबांमुळे कळलं. लोणावळ्याच्या हॉटेलातली ड्युटी संपवून मी संध्याकाळी कार्ले फाट्यावर उतरते, आणि रस्त्याकडेच्या त्यांच्या टपरीतून अधूनमधून हाक येते, "पोरी, पिशवी ठेव. पंच म्हणून बसायचंय." स्टुलावर परत आलेलं एक पार्सल मांडलेलं असतं. आबा टोपी सरळ करतात, चष्मा पुसतात आणि खणखणीत आवाजात सुरू होतात, "आमी खाली सह्या करणार पंच, समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर खोकं चौकोनी आसून, पूर्वेस पत्त्याचा कागद, पश्चिमेस चिकटपट्टी, उत्तरेस कोपरा चेपलेला, दक्षिणेस कायबी न्हाई." दक्षिणेस काही नसलं तरी ते बोललंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. न बोललेल्या बाजूनं उद्या कोणी वहिवाट काढली तर काय घ्या.

आबा गावचे कोतवाल होते. कोणाचं भात आडवं झालं, कोणाची म्हैस वीज पडून गेली, कोणाच्या गोठ्याचे पत्रे वाऱ्यानं उडाले, की तलाठी म्हणायचा, "बबन, पंच आणा." आबा बांधाबांधानं फिरून माणसं गोळा करायचे. निवृत्त झाले तेव्हा तलाठी सुटला, पण पंचनामा काही सुटला नाही.

बायको गेल्यावर त्यांनी फाट्यावर चिनीमातीच्या बरण्यांची टपरी टाकली. तपकिरी गळ्याच्या, पांढऱ्या पोटाच्या, लोणच्याच्या बरण्या. येणारी-जाणारी माणसं गाडी थांबवायची, "अय्या, आमच्या आजीकडे अश्शीच होती" म्हणायची, बरणीसोबत फोटो काढायची आणि पुढे जायची. बरणी तिथंच. म्हणून एका वस्तू विकायच्या साइटवर मी आबांचं दुकान उघडून दिलं. ही अक्कल माझीच, त्यामुळे पुढचे भोगही माझेच.

ऑर्डरी मात्र आल्या. आबांच्या अंगात बळ आलं, आणि त्याचं कारण निव्वळ धंदा नव्हतं. त्यांची लेक सुनंदा सोमाटण्याला फ्लॅटमध्ये राहते. तिनं बापाला स्वच्छ सांगून टाकलं होतं, "आबा, दुकान चालतंय तवर ऱ्हावा हितं एकटं. ज्या दिशी बंद पडंल, त्या दिशी मी टेंपो घिऊन येणार. मंग ऐकायची न्हाई." सुनंदा बोलते तसं करते. आणि आबांना फ्लॅटची धास्ती. मला म्हणायचे, "लेक सोन्यासारखी हाय. पर तिसऱ्या मजल्यावर दार लावून बसायचं. तितं म्या कुणाचा पंचनामा करू?"

आता बरणी म्हटली की ती फुटणार, आणि साइट म्हटली की गिऱ्हाईक ती परत पाठवणार. आमच्या हॉटेलात तक्रारीचा नियम सोपा आहे. खोलीत पाल निघो नाहीतर पाण्यात पाल निघो, "सॉरी सर" म्हणायचं आणि चिक्कीचा पुडा हातात द्यायचा. मी आबांनाही तेच शिकवायला गेले. आबा म्हणाले, "न बघता सॉरी म्हंजी खोटी साक्ष." मी दुसऱ्यांदा शिकवायला गेले नाही.

तक्रार आली की गिऱ्हाइकानं आधी आपल्याशी बोलावं, म्हणून ते प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी घालायचे. वर फोन नंबर आणि खाली एक ओळ: फुटली असल्यास आधी मला सांगणे. फोन आला की स्पीकर चालू. "मी बोलतोय, पंच ऐकत्यात," असं आधीच जाहीर करून टाकायचे. पलीकडचं माणूस तिथंच अर्धं गार व्हायचं.

पंच दोन. एक मी. दुसरा मारुतीभाऊ. त्याची शेजारीच वडापावची गाडी आहे आणि मागं भाताची खाचरं. बरण्या बांधायला लागणारा पेंढा तोच पुरवतो. एकदा ठाण्याच्या एक बाई चिडून फोनवर म्हणाल्या, "तुमच्या त्या गवतातून चक्क किडा निघाला."

"जित्ता व्हता का?" आबांनी विचारलं.

"हो, चांगला चालत होता."

"मंग बाई, किडा सुखरूप पोचला, तितं बरणीला काय हुणार?"

बाई इतक्या हसल्या, की त्यांनी तक्रार तर मागं घेतलीच, वर बहिणीसाठी आणखी एक बरणी मागवली.

दुसरे एक साहेब. त्यांनी ऐन उन्हाळ्यात मागवलेली बरणी 'आत डाग आहेत' म्हणून परत पाठवली. पंचनामा बसला. झाकण उघडलं तर कैरीच्या लोणच्याचा वास टपरीभर. मारुतीभाऊनं नाक आत घातलं, डोळे मिटले आणि पंच या नात्यानं मत दिलं, "मेथी जास्त झाली." आबांनी साहेबांना फोन लावला. मला वाटलं, आता भांडण. पण आबा अतिशय प्रेमानं म्हणाले, "सायेब, लोणचं खाल्लं न्हाई वाटतं कुणी? मेथी तळताना गॅस बारीक ठेवायचा." साहेबांनी फोन ठेवला. दुसऱ्या संध्याकाळी परत केला आणि मेथी किती घालायची ते विचारलं.

इतकं सगळं साइटला कुठं कळायला? तिथं माणूस नाही, बटणं आहेत. परत आलेल्या मालावर हरकत घ्यायची तर मुदतीत फोटो टाकायचे. नाही टाकले तर पैसे गिऱ्हाइकाला आणि ठपका दुकानाला. तीन ठपके पडले की दुकान बंद. पहिला ठपका पडला, कारण आबांनी बरणीचा फोटो न टाकता दोन्ही पंचांच्या सह्यांसकट पंचनाम्याचाच फोटो टाकायला लावला. उत्तर आलं, 'वस्तूचा स्पष्ट फोटो द्यावा.' आबा म्हणाले, "अडाणी लोक हायेत." दुसरा ठपका आवणीच्या दिवसांतला. मारुतीभाऊ गुडघाभर चिखलात भात लावत होता. मी म्हटलं, आबा, नुसता फोटो टाकते. आबा म्हणाले, "एका पंचावर पंचनामा? कायदा हाय का न्हाई?" मुदत टळली. कायदा राहिला, ठपका पडला.

म्हणजे आता एकच उरला होता. मी आबांना बजावलं, यापुढे सह्या नंतर, फोटो आधी. सोमाटण्याच्या टेंपोचं नाव काढलं की ते माझं ऐकायचे.

आणि मग नाशिकचं खोकं आलं. मोठी बरणी, बूड तडकलेलं. तक्रार अशी, की माल फुटकाच मिळाला. पंच हजर होते, चतुःसीमा झाली, बरणी उघडली. आत हळद, तेल आणि एका कडेला चिकटलेली लिंबाची फोड. मी तर टाळीच वाजवली. फुटक्या बरणीत कोण लोणचं घालतं? बरणी घरी नीट पोचली, भरली आणि मग पडली, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. मी चारी बाजूंनी फोटो काढले, लिंबाच्या फोडीचा तर जवळून काढला. हरकतीचं बटण दाबणार, एवढ्यात आबांचा फोन वाजला.

"नाशिकहून बोलतोय," स्पीकरवर एक थकलेला आवाज आला. "बरणी पोचली का परत?"

"पोचली. पंच ऐकत्यात."

"पंच?" आवाज अडखळला. "मग जरा... तुमच्या एकट्याशी बोलता येईल का?"

आणि आबांनी स्पीकर बंद केला. इतक्या पंचनाम्यांत हे पहिल्यांदाच झालं. ते फोन कानाला लावून टपरीच्या मागं, पेंढ्याच्या ढिगापाशी गेले. आम्हाला फक्त इकडचं ऐकू येत होतं, "व्हय... व्हय... हात थरथरतो का?... न्हाई, मीठ बरुबर व्हतं, वासावरनं कळलं."

परत आले ते खोकं बाजूला सारून स्टुलावर बसले आणि त्यांनी सांगितलं. त्या काकांची बायको गेली, त्याला वर्ष झालेलं नाही. आपलं आपण करून खातात. लिंबाचं लोणचं घालायला शिकले, बरणी उचलून ठेवताना हातातून निसटली. आवाजानं मुलगा धावत आला, तेव्हा काकांच्या तोंडून निघून गेलं, की बरणी आधीच तडकलेली होती. मुलानं रागारागानं परत पाठवली. काका म्हणत होते, पैसे मी देतो तुम्हाला, पण त्याला कळू देऊ नका. कळलं तर उद्यापासून तो मला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देणार नाही.

"पोरी, लिव्ह," आबा म्हणाले. "बांधणीत आमची चूक झाली."

"आबा, तिसरा ठपका आहे हा."

"ठावं हाय."

"आणि सुनंदाताईचं काय? टेंपो?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्येचा लेक माज्या लेकीसारखाच. वाईट न्हाई, भितोय फकस्त. त्या मानसाला आत्ताशी कुटं मीठ जमाया लागलंय. त्येला घरात बसवायचा कागद माज्या सहीनं जायचा न्हाई."

मला राग आला. कोण कुठला नाशिकचा माणूस, आणि त्याच्यापायी हा आपलं बिऱ्हाड उठवायला निघाला. मी मारुतीभाऊकडे पाहिलं. तो म्हणाला, "ताई, पंचांचं काम सही करायचं." मी चूक मान्य केल्याचं बटण दाबलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना दिसू नये म्हणून कढईच्या धुराकडे तोंड केलं.

दुकान बंद झाल्याची पाटी साइटवर लागली. सुनंदालाही ती दिसली असणार, कारण पुढच्या रविवारी ती फाट्यावर हजर. टेंपो नव्हता, पण चेहरा टेंपोचाच होता.

"ताई, तुमी खरं सांगा. दुकान बंद पडलं ना?"

हॉटेलात इतकी वर्षं पाहुण्यांना 'डोंगराची बाजू' म्हणून पार्किंगकडच्या खोल्या दिल्यात, तो सराव कामी आला. मी म्हटलं, "छे, उलट फोनवर मागणी वाढलीय." मारुतीभाऊनं तर कमालच केली. गाडी सोडून आला आणि परक्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "आबा, मला मोठ्यात दोन द्या." त्याच्या घरी बरण्या ठेवायला फळी उरलेली नाही, हे सुनंदाला लहानपणापासून माहीत. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

तेवढ्यात खरंच फोन वाजला. आबा मागं पेंढ्यापाशी बरणी बांधत पाठमोरे बसले होते, लेक आलेली त्यांना कळलंच नव्हतं. स्पीकर चालू झाला.

"काय, नाशिककर? आज काय केलं?"

"पिठलं. गुठळ्या झाल्या."

"पानी आदी उकळायचं, मंग पीठ. हळूहळू सोडायचं. म्या बी दोनदा फसलो. रातच्याला काय?"

"भात टाकीन. तुम्ही?"

"मी बी भातच टाकतो. टाकला की फोन करा, संगंच जेवू."

सुनंदा टपरीच्या खांबाला टेकून ऐकत होती. ओढणीचं टोक तिनं ओठांवर धरलं होतं. फोन संपला, आबा वळले आणि लेकीला बघून एकदम गडबडले. हातातली बरणी त्यांनी उगीच फडक्यानं पुसायला घेतली. 

 सुनंदानं फळीवरची एक लहान बरणी निवडली, उलटी करून बूड पाहिलं आणि बापापुढं ठेवली.

"ही मला पायजे. पर हातात नगं. पार्सलनं धाडा सोमाटण्याला."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश पेन काढलं. "पत्ता?"

तिनं सगळा पत्ता सांगितला, मजल्यासकट. आबांनी तो पहिल्यांदाच ऐकतोय अशा थाटात शब्दन् शब्द लिहून घेतला.

"फुटली तर भांडाय यीन," ती म्हणाली.

"ये," आबा म्हणाले. "न्हाई फुटली तरी ये."