पत्त्याआधीचे तीन डब्ल्यू

पाणीपुरवठा कार्यालयाच्या संकेतस्थळाच्या पत्त्याआधी तीन डब्ल्यू टाकले, तर तक्रार नोंदवता येत असे. न टाकल्यास ‘असे कार्यालय अस्तित्वात नाही’ असा नम्र खुलासा मिळत असे. फलकांवर आणि बिलांवर पत्ता बिनडब्ल्यूचाच छापलेला होता. जागा वाचावी म्हणून.

संगणक विभागातल्या नव्या तंत्रज्ञाला हे कळले ते त्याच्या मावशीमुळे. तिच्या गल्लीतले नळ आठवडाभर कोरडे होते.

“काय रे, तुमचं ऑफिस बंद पडलं का?” तिने फोनवर विचारले. “की माझ्याच बोटांना अक्कल नाही?”

“मावशी, आधी तीन डब्ल्यू टाकलेस का?”

“ते आणि कशाला? तुझ्याकडे येताना मी आधी दारावर तीन थापा मारून मग तुला हाक मारते का?”

तंत्रज्ञाला हा युक्तिवाद शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड वाटला. दोन्ही पत्ते एकाच जागी नेणारी एक ओळ लिहायची, एवढेच काम होते. तो प्रमुखांकडे गेला.

“नुसत्या पत्त्यावर लोक आत येणार?” प्रमुखांनी चष्मा काढला. “मला इथे कोणी नुसत्या नावाने हाक मारतं का?”

विषय अभ्यागत सुलभीकरण समितीकडे गेला. समितीने तीन डब्ल्यू कसे टाकावेत याची सचित्र पुस्तिका तयार करून संकेतस्थळावर ठेवली. तीन डब्ल्यू टाकताच ती कोणालाही वाचता येत असे.

इकडे बादल्या वाहून मावशीचा गुडघा सुजला. तंत्रज्ञाने ती ओळ गुपचूप लिहून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तक्रारींचा ढीग लागला. प्रमुख धावतच आले.

“काय करून ठेवलंत हे? कालपर्यंत अख्ख्या शहरात पाणी होतं!”

“साहेब, पाणी नव्हतंच. पत्ता चालत नव्हता.”

“वर्षभरात एक तक्रार नव्हती! परवा उत्कृष्ट सेवेचा पुरस्कार घ्यायचाय मला. काढा ते आधी!”

ओळ काढण्यात आली. संध्याकाळच्या अहवालानुसार शहराचा पाणीपुरवठा पूर्ववत झाला. तंत्रज्ञाची बदली झाली.

“आज पुन्हा उघडत नाही रे,” मावशी म्हणाली.

“तुझं काही चुकलेलं नाही, मावशी.”

“असं कसं? गल्लीत कोणाचंच उघडत नाहीये. म्हणजे सगळ्यांचंच चुकत असणार.”

हे वाचताना ‘तीन अक्षरं टाकायला काय जातंय?’ असे ज्यांच्या मनात येऊन गेले, त्यांनी कृपया कळवावे. सुलभीकरण समितीत एक जागा रिकामी आहे.