भालेरावबाईंच्या कोर्टात प्रशियाचा युवराज

मागे एकदा आमच्या शेजारच्या भालेरावबाईंनी प्रशियाच्या युवराजाला त्याच्या बापाच्या तावडीतून सोडवलं. बिबवेवाडीत, आमच्या जिन्यात, दळणाचा डबा खाली ठेवून.

"अहो, बापाला पोराची बासरी खपत नव्हती," त्या म्हणाल्या. "चारचौघांत छडीने मारायचा. पोरगा पळून जायला निघाला तर पकडला, आणि त्याच्या जिवलग मित्राचं मुंडकं उडवलं. पोराला खिडकीत उभं करून! तडजोडीला पुरेपूर वाव होता हो. पण दोघांना समोरासमोर बसवलं कुणी?"

माझं दूध गॅसवर होतं. ते गेलं उतू. पण मधेच 'येते हं' म्हणायची माझी काय बिशाद!

बाई कौटुंबिक न्यायालयात कारकून होत्या. सारी नोकरी भांडणाऱ्या नवरा-बायकोंना पुकारण्यात आणि पुढची तारीख देण्यात गेली. निवृत्त झाल्यावर वाचनालयातून अठराव्या शतकातल्या युरोपचा एक जाडजूड इतिहास घरी आणला आणि तिथली सगळी राजघराणी आपल्या कोर्टात उभी केली. राजांची नावं त्या घेत नाहीत. बाप म्हणजे थोरले. मारिया-फारिया कुणी नाही, त्या ऑस्ट्रियाच्या बाई. प्रत्येक खटला पुन्हा चालतो, आणि निकाल ठरलेला: "चूक कुणाचीही असो, थोरल्याने आधी उठून जायचं."

सुरुवातीला मी हसायचे. मग एकदा कोपऱ्यावरच्या गिरणीत आमच्यासमोरच बापलेकांची जुंपली. मुलाला मिरची कांडायचं मशीन आणायचं होतं आणि बाप म्हणे, माझ्या हयातीत नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "रशियाच्या थोरल्यांनी पोराला तुरुंगात टाकलं. पोरगा तिथेच मेला. तुमचं तर नुसतं मिरचीचं मशीन आहे."

गिरणीवाला पिठाने पांढरा होताच, तो आणखी पांढरा झाला. मशीन आलं. आता आम्ही पिठासोबत ठसकाही घेऊन घरी येतो.

मी खरी गार झाले ती त्यानंतर. "समजा," बाई म्हणाल्या, "प्रशियाच्या थोरल्यांनी पोराची बासरी एकदा बसून ऐकली असती. मग पोरगा इतका कडू झाला नसता. गादीवर आल्या आल्या त्याने ऑस्ट्रियाच्या बाईंचा मुलूख बळकावला नसता. पोटुशी होत्या हो त्या तेव्हा! मुलूख गेला नसता, तर फ्रान्सशी सोयरीक जोडायची वेळ आली नसती, आणि त्यांच्या धाकट्या लेकीची मान पॅरिसच्या चौकात कापली गेली नसती."

बासरीपासून त्या मानेपर्यंत एकही दुवा सुटला नाही. मला माझ्या नणंदेच्या जावेचं नातं धड सांगता येत नाही! एवढं डोकं आमच्या मजल्यावर राहतं आणि आम्ही त्यांना पाण्याच्या टाकीबद्दल विचारतो, याचीच मला लाज वाटली.

पण एक खटला बाईंच्या बोर्डावर कधी येत नव्हता. त्यांचा मुलगा मिलिंद खराडीला असतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत. बाईंनी जन्मभर मोडलेले संसार पाहिले, त्यामुळे त्याने दाखवलेल्या प्रत्येक मुलीत त्यांना घटस्फोटाचं कारण सापडायचं. शेवटी त्याने नोंदणी लग्न केलं आणि मग आईला कळवलं. "मला मुलगा नाही," बाई म्हणाल्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

गेल्या आठवड्यात मिलिंदने माझ्या फोनवर एक फोटो पाठवला. मुलगी झाली होती. खाली लिहिलं होतं, 'काकू, आईला दाखवा. मी सांगितलं म्हणू नका.'

मी फोन बाईंपुढे धरला. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की नुसतं नाक उरलं. मग फोन परत दिला आणि म्हणाल्या, "ऑस्ट्रियाच्या बाईंचं थोरल्या मुलाशी पटायचं नाही. एका गादीवर दोघं, पण एकमेकांना पत्रं लिहायचे. समजा, एक दिवस बाई स्वतः उठल्या. त्याच्या दालनाशी गेल्या. दार वाजवलं. त्याने दार उघडलं..."

"मग?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"पुढचं मला येत नाही हो," त्या म्हणाल्या. "त्याने तोंडावर दार लावलं तर?"

मी पडले पुण्याची. म्हटलं, "तर आपण परत येऊ. रिक्षा काय एकाच दिशेला जाते? उठा, साडी बदला."

खराडीपर्यंत बाई रिक्षाच्या मीटरवर नजर लावून बसल्या. युरोपात त्या दिवशी काय झालं देव जाणे. लिफ्टमध्ये त्यांनी माझा हात असा धरला होता की बांगडी रुतली.

दार मिलिंदनेच उघडलं. खांद्यावर दुपटं, हातात लेक. आईला बघून तो जागीच थिजला. बाई त्याच्याकडे बघतात, तो बाईंकडे.

"मान धर तिची, मान!" बाई एकदम ओरडल्या. "अशी धरतात होय पोर?"

मिलिंदचा चेहरा वेडावाकडा झाला. "मला नाही येत गं, आई."

"मग बोलवायला काय झालं होतं?" बाई म्हणाल्या आणि चपला काढायचंही विसरून, दोन्ही हात पुढे करत तशाच आत गेल्या.