जिल्हा क्लॉथ स्टोअर्स विरुद्ध जिल्हा क्लॉथ स्टोअर्स

माणसांमधले तंटे बोलण्याने मिटतात, हे आता परिपत्रकानेही मान्य केलं आहे. बोलण्यासाठी काय काय लागतं त्याची यादीही त्याच परिपत्रकात आहे: एक गोल टेबल (गोल अशासाठी, की आपण कोपऱ्यात बसलो असं कुणाला वाटू नये), सहा खुर्च्या, एक पंखा आणि पिण्याचं थंड पाणी.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात, जुने कागद ठेवायच्या खोलीत, असं मध्यस्थी केंद्र उघडलं. (गावाचं नाव देत नाही. प्रकरण अजून पुरतं संपलेलं नाही.) गोल टेबल मिळालं नाही म्हणून चौकोनी टेबलाचे चारही कोपरे सुताराकडून कापून घेतले. त्यामुळे टेबलाला आठ कोपरे झाले. मात्र प्रत्येक कोपरा पूर्वीपेक्षा बोथट असल्याने हेतू साध्य झाला, असा शेरा कोर्टाचं सामान सांभाळणाऱ्या नाझरने मारला.

मध्यस्थ म्हणून नेमणूक झाली शेषेराव वकिलांची. माणूस सज्जन, त्यामुळे वकिली बेताची. लातूरला जाऊन त्यांनी चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलं. मध्यस्थाने निकाल द्यायचा नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही, आवाज चढवायचा नाही. आणि सर्वांत मोठा नियम असा, की एका पक्षाने एकट्याच्या बैठकीत सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला कळू द्यायची नाही.

"मग तुम्ही करायचं काय?" त्यांच्या पत्नी सिंधुताईंनी विचारलं.

"ऐकायचं."

"त्याला चाळीस तास लागले? इथं बावीस वर्षं झाली, अजून यायचंय तुम्हाला."

तो उन्हाळा म्हणजे लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. तालुक्याच्या गावात नळ वीस दिवसांनी एकदा खोकायचा. केंद्राच्या जारमध्ये मात्र परिपत्रकानुसार थंड पाणी असे. परिणामी पहिल्या तिमाहीचा अहवाल असा गेला: आलेली प्रकरणं अकरा, पक्षकारांची हजेरी शंभर टक्के, पक्षकार नसलेल्यांची हजेरी दोनशे दहा टक्के, मिटलेली प्रकरणं शून्य. वरून पत्र आलं, की पुढच्या तिमाहीतही शून्यच असेल तर खोली जुन्या कागदांना परत द्यावी लागेल. शेषेरावांनी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादी खोली आपली वाटू लागली होती.

अशात बारावं प्रकरण आलं.

ईश्वरप्पा आणि गुंडप्पा हे सख्खे चुलतभाऊ. दोघांची कापडाची दुकानं शेजारी शेजारी, पुढचा ओटा एकच. दोघांच्या बायका, बसम्मा आणि गुरम्मा, या सख्ख्या बहिणी. सहा वर्षांपूर्वी गावात बातमी उठली, की आपला तालुका आता जिल्हा होणार. (ही बातमी तिथे दर पंधरा ऑगस्टच्या आधी उठते आणि झेंडावंदनानंतर बसते.) त्या वर्षी ती जरा जास्त वेळ उभी राहिली. एकाच आठवड्यात दोन्ही भावांनी दुकानावर नवी पाटी लावली: 'जिल्हा क्लॉथ स्टोअर्स'. ईश्वरप्पांचं म्हणणं, रंग माझ्या पाटीचा आधी वाळला. गुंडप्पांचं म्हणणं, पेंटरला नाव मी आधी सांगितलं. गाव जिल्हा झालं नाही. दावा मात्र झाला, आणि भावाभावांचं बोलणं बंद पडलं.

सहा वर्षांत एकोणचाळीस तारखा पडल्या. पेंटरची साक्ष झाली. त्याला फक्त उधारी आठवली. शेवटी न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीला धाडलं. मुदत साठ दिवस.

पहिल्या बैठकीत दोघं आठ कोपऱ्यांच्या टेबलाशी समोरासमोर बसले आणि पंख्याकडे बघू लागले.

"वकीलसाहेब, समोरच्याला सांगा, नाव माझं हाय," ईश्वरप्पा म्हणाले.

"ते समोरच बसलेत. तुम्हीच सांगा की."

"समोर कोण हाय? मला दिसून न्हाई राहिलं."

"त्यांना सांगा," गुंडप्पा म्हणाले, "चश्मा लावा म्हणावं."

शेषेरावांनी नियमाप्रमाणे दोघांना वेगवेगळं बोलवायचं ठरवलं. वादी म्हणून ईश्वरप्पा आधी आत आले. दार लागल्यावर म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"साहेब, देऊन टाका नाव त्याला. लहान हाय तो. दोघंबी आम्ही एका ताटात जेवलोत. पण मी दिलं असं सांगू नका. त्यानं आधी 'अण्णा' म्हणून हाक मारावी, मग मीच सांगीन."

ते डोळे पुसत बाहेर गेले आणि गुंडप्पा आत आले.

"अण्णाला राहू द्या ते नाव. मला काय करायचंय? सहा वर्षं झाली, 'चहा घे' म्हणला न्हाई मला. पण मी सोडलं हे त्याला कळू देऊ नका. आधी त्यानं बोलावं."

शेषेराव खुर्चीतून अर्धे उठले. तिढा सुटला होता! 'यशस्वी' रकान्यात एक हा आकडा त्यांना स्पष्ट दिसला. मग त्यांना नियम आठवला आणि ते हळूच परत बसले.

त्यांनी ईश्वरप्पांकडे परवानगी मागितली. ते म्हणाले, "आधी त्याची घ्या." गुंडप्पांकडे मागितली. ते म्हणाले, "त्यानं दिली का? मग मी कशाला?" शेषेरावांनी लातूरला प्रशिक्षकांना फोन लावून विचारलं, की सूचक हसलं तर चालेल का. उत्तर आलं, की हसणं हाही खुलासाच.

पुढचे छप्पन्न दिवस त्या सज्जन माणसाने दोन गुपितं तोंडात धरून काढले. संयुक्त बैठकीत दोघे भाऊ नावासाठी टेबलावर मुठी आपटायचे आणि शेषेराव ओठ दाबून बघत राहायचे. त्यांचं वजन चार किलो घटलं. कुणी सहज "काय म्हणता?" विचारलं तरी ते "काही नाही" म्हणून दचकायचे. सिंधुताईंना तर ते काहीच सांगू शकत नव्हते, आणि हे त्या दोघांनाही जड जात होतं.

अठ्ठावन्नाव्या दिवशी बसम्मा आणि गुरम्मा घागर घेऊन केंद्रात आल्या. (पक्षकारांच्या कुटुंबीयांना पाणी अनुज्ञेय होतं. घागरीचा उल्लेख परिपत्रकात नव्हता.) आत मुठी आपटणं चालू होतं. जारची तोटी सोडून गुरम्मा सहज म्हणाल्या,

"अगं अक्का, हे अजून कशाला भांडून राहिलेत? आमचे हे तर रोज म्हणतात, अण्णाला देऊन टाकलं."

"आमचेबी तेच म्हणतात," बसम्मा म्हणाल्या. "गुंडूला दिलं म्हणतात. मला वाटलं तुम्हाला ठाव हाय."

शेषेरावांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "मी काही बोललो नाही. नोंद घ्यावी." एवढं बोलून ते रडू लागले.

"तू कधी दिलंस रे?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी, अण्णा."

"मग मी आधी दिलं! आत मी आधी गेलो व्हतो!"

"तू वादी म्हणून आधी गेलास, अण्णा! मी मनातून दोन वर्षांआधी दिलं व्हतं!"

"मोठा मी हाय! द्यायचा मान माझा!"

"लई झालं अण्णा तुझं मोठेपण!"

हे भांडण पाऊण तास चाललं. त्यात 'अण्णा' हा शब्द एकतीस वेळा आला. शेषेरावांनी सवयीने मोजला. मग त्यांनी डोळे पुसून तडजोडपत्र लिहिलं: दोन्ही पक्षांनी नाव सोडलं आहे, मूळ वाद मिटला आहे. दोघांनी सह्या केल्या. कुणाची सही वर, यावरून आणखी वीस मिनिटं गेली.

आज दोन्ही पाट्या पांढऱ्या आहेत. नाव आधी कुणी सोडलं हे ठरवून मिळावं म्हणून ईश्वरप्पांनी नवा दावा लावला आहे, आणि गुंडप्पांनी त्याला प्रतिदावा. तारखेला दोघं एकाच रिक्षाने येतात, वाटभर भांडतात आणि कोर्टाच्या फाटकापाशी एकाच टपरीवर चहा पितात. अहवालात आलेली प्रकरणं तेरा, मिटलेलं एक. खोली शेषेरावांकडेच राहिली.

ही हकिकत वाचून ज्यांना त्या दोघा भावांचं हसू आलं, त्यांच्यासाठी केंद्र मंगळवारी आणि गुरुवारी अकरा ते पाच उघडं असतं. अर्ज लागत नाही. तुमचं ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला फक्त सोबत आणायचं आहे. (कोण ते आम्ही विचारत नाही. हे वाक्य वाचताना ज्याचं नाव मनात आलं, तोच.)