कृष्णधवल तानबा

धनंजय सर वर्ध्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत. १९९७ साली, म्हणजे बारशापासून लग्नापर्यंत सगळ्यांचे अल्बम रंगीत झाल्यावर, त्यांनी कृष्णधवल फोटो काढायला घेतले. रंगांमुळे जीवनाचे सत्य झाकले जाते, असे त्यांचे मत होते. सत्य बघायला बाजारात उकिडवे बसावे लागत नाही, मोरीत धुण्याचा ढीग पडला आहे, असे त्यांच्या पत्नीचे, मोहिनीचे मत होते.

सरांचा सर्वोत्तम फोटो तानबाचा. बाजाराच्या कोपऱ्यावर निंबाखाली बसून तानबा स्टोव्ह दुरुस्त करी. काजळीने माखलेले हात, सुरकुतलेला चेहरा, मागे धूसर गर्दी. सरांनी तो मोठा करून, काळ्या चौकटीत बसवून तानबाला भेट दिला.

तानबा बराच वेळ बघत राहिला. "सर, मी एवढा म्हातारा दिसून राह्यलो काय?"

"म्हातारा नाही तानबा, शाश्वत."

शाश्वत हा काही आजार नसावा, एवढे ताडून तानबाने फोटो आपल्या जागेच्या वर, निंबाला ठोकला. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला आलेले स्टोव्ह निंबाखालीच ठेवून तो मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सेवाग्रामला गेला.

मंगळवारी सर तिथून जात होते, तर फोटोला झेंडूचा हार. सरांचा ऊर भरून आला. या गावाला कला कळत नाही, हे आपले जुने मत त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतले. बुधवारी उदबत्त्याही होत्या. एक गृहस्थ टोपी काढून फोटोपुढे उभे होते. सर विनयाने म्हणाले, "एवढं काही नाही हो. आपला छंद आहे." गृहस्थ दोन पावले मागे सरकले आणि वळून वळून बघत निघून गेले. सरांनी हार घातलेल्या फोटोचाही एक फोटो काढला.

गुरुवारी मोहिनी रिकाम्या हाताने बाजारातून आली. "अहो, तानबा गेला हे सांगितलं नाही तुम्ही?"

"डोळ्याच्या ऑपरेशनला गेला."

"वारला म्हणतात सगळे! बायांनी आपापले स्टोव्ह उचलून नेले. आपला कोणीतरी आधीच नेला."

"वारला असं कोण म्हणतं?"

"कोणी म्हणायला कशाला पाहिजे? माणूस जागेवर नाही, वर काळापांढरा फोटो, फ्रेम करून. जिवंत माणसाचा असा फोटो कोण लावतं?"

सरांजवळ याचे उत्तर होते. ते उत्तर सर दोन दिवस भाषणासारखे मनात घोळवत राहिले.

शनिवारी काळा चष्मा लावून तानबा थेट घरी आला. "सर, मले काऊन मारलं?"

"गैरसमज झाला रे."

"चौदा स्टोव्ह गेले. दुसऱ्या मिस्त्रीकडं गेले ते, तर मी खाऊ काय? चष्मा चाटू?"

रविवारी सर तानबाला स्कूटरवर बसवून घरोघर निघाले. प्रत्येक दारात आधी किंकाळी, मग चहा. "हे कोण?" असे कोणी विचारले की तानबा काही आकस न ठेवता ओळख करून देई, "हे फोटोवाले सर. यायनंच मारलं मले." बर्नर तानबाच्या पेटीतच राहिले होते, त्यामुळे नेलेले स्टोव्ह कोणाच्याच कामाचे नव्हते. दुपारपर्यंत तेरा घरांनी आणून द्यायचे कबूल केले.

चौदावा, म्हणजे मोहिनीचा, गावाला लागूनच्या बोरगाव मेघेत सुलोचनाबाईंकडे निघाला. हारही त्यांचाच होता.

"मी हार घातला, पाया पडली, घरी येऊन आंघोळ केली," सुलोचनाबाई तानबाला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाल्या. "आन् हा चहा पिऊन राह्यला!"

"चुकलं बाई," तानबा म्हणाला.

"तो फोटो कोनं काढला?"

सर पुढे झाले. कलेसाठी बोलणी खायची त्यांची तयारी होती.

"मस्त काढला. पाह्यल्याबरोबर रडू आलं. आमचे मालक गेले तर पोराइनं लग्नाच्या ग्रुपातून मुंडकं कापून मोठं केलं. बाजूले व्याह्याचा कान आला. धा वर्सं झाले, मी त्या कानालेबी उदबत्ती ओवाळून राह्यली. माहा फोटो आताच काढून ठेवा. मंग स्टोव्ह नेजा."

सरांनी कॅमेरा सरसावला. "तुम्ही नेहमीचं काम करा. कॅमेऱ्याकडे बघू नका."

"अन् नातवंडं नमस्कार करतीन, तवा मी कुठं पाहू? चुलीकडं?"

त्या समोर बघत ताठ बसल्या. पहिला फोटो होईपर्यंत बातमी शेजारी पोचली होती. रामाजी धुतलेला सदरा घालून आले. मोतीलाल शेठ काठी टेकत, सुनेला कळू नये म्हणून मागच्या दाराने आले. वऱ्हांड्यात बाकावर सात जण ओळीने बसले. तानबा एकेकाची टोपी सरळ करून पुढे पाठवीत होता.

छत्तीस फोटोंचा रोल संपत आला. रस्त्यावरचे जिवंत जीवन टिपणाऱ्या सरांनी घाम पुसला आणि पुन्हा डोळा कॅमेऱ्याला लावला.

"सर," रामाजी ओठ हलू न देता म्हणाले, "वरून थोडी जागा सोडजा. हार बसला पाह्यजे."