निळ्या फाशाचा पत्ता

प्रिय ईशान आणि अन्वी,

परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, "आजी, आमचा निळा फासा सापडला का गं?" मी म्हणाले, बघते. ते खोटं होतं. तो कुठे आहे हे मला चार वर्षांपासून माहीत आहे. आता जुलैत तुम्ही पुसदला याल आणि बॅगा टाकून आधी दिवाणाखाली शिराल, म्हणून आजच सविस्तर लिहिते. तुमचा वीस बाजूंचा फासा समोरच्या छापखान्यातल्या मधुकररावांच्या खिशात असतो, आणि त्याला विचारल्याशिवाय मधुकरराव चहात साखरही घालत नाहीत.

यात तिखटमीठ काही नाही. अकरा किंवा वर पडलं तर हो, दहा किंवा खाली पडलं तर नाही, असा त्यांचा कायदा आहे. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, पत्रिका गुरुवारी भेटन ना?" फासा टेबलावर गडगडतो. "सहा. नाही भेटत."

"अहो, पण लग्न शुक्रवारी हाये!"

"मले कायले सांगता? त्याले सांगा," असं म्हणून ते फाशाकडे बोट दाखवतात. "एकदा पडला तो पडला."

ही सवय तुम्हीच लावलीत. चार वर्षांपूर्वीच्या त्या जुलैत तुम्ही ओसरीवर सतरंजी पसरून तुमचा तो गोष्टीचा खेळ मांडला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि कुणी काही धाडस केलं की ते जमलं का फसलं हे फाशाने ठरवायचं. चातुर्मासात लग्नं नसतात, छापखाना थंड असतो. मधुकरराव पेपर मागायला आले आणि तीन दुपारी बसून राहिले. तुम्ही त्यांना म्हणालात, काका, तुम्ही जादूगार व्हा. ते म्हणाले, "मी छापखानेवालाच होतो." आणि राक्षसाशी लढाई लागायच्या आधी त्यांनी सगळ्या गावात पत्रकं वाटली. आठवतं?

तुम्ही गेलात, फासा दिवाणाखाली राहिला. मधुकररावांनी तो 'दोन दिवसांसाठी' नेला आणि महिन्याभरात स्वतःचा खेळ छापून आणला. नाव, आपल्या पूस नदीवरून, 'पूसकाठचे वीर'. पण माणूस आयुष्यभर लग्नपत्रिका छापणारा. पहिल्या पानावर गणपती, खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून लढाई करण्याचे योजिले आहे'. राक्षसांची यादी 'आपले विनीत' या मथळ्याखाली, वयाच्या क्रमाने. मेलेल्या वीरांच्या नावामागे 'कै.' लावायचं. आणि शेवटच्या पानावर, 'आमच्या भुताला भेटायला यायचं हं!'

पहिली नऊ पानं मी तपासून दिली. पुढे मला झेपलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण शेजारच्या गाळ्यात बबनराव होते, फ्लेक्स छापणारे. दोघं बालमित्र, रोज चारचा चहा एकत्र. बबनराव पुस्तक चाळून म्हणाले, "मधुभाऊ, हा खेळ हाय का साखरपुडा?" चहा तिथेच बंद झाला. दसऱ्याला बबनरावांचा खेळ बाजारात आला, 'रानाचा राजा'. तो पुस्तकात नव्हताच, सतरंजीएवढ्या फ्लेक्सवर होता. वाघ, अस्वल, चेटकीण, सगळ्यांना काळे गॉगल, गळ्यात सोन्याची साखळी, हात जोडलेले. वाघाखाली लिहिलेलं, 'भावी जंगलाध्यक्ष'. कोपऱ्यात बबनरावांचा स्वतःचा फोटो, शुभेच्छुक म्हणून.

मग काय विचारता! मधुकररावांनी बारा राक्षस दिले की बबनराव तेरा देत. एकाने गुप्त भुयार काढलं की दुसरा त्याला गुप्त बायपास काढी. पण मधुकररावांची एक पंचाईत होती. वीस बाजूंचा फासा पुसदेत मिळत नाही, आणि त्यांच्याकडे एकच. त्यामुळे त्यांचा खेळ घेणाऱ्याला तलवार चालवायची असली की छापखान्यात यावं लागे, तेही दहा ते सहा, रविवार बंद. बबनरावांनी स्टीलच्या पेल्यात वीस चिठ्ठ्या घालून दिल्या आणि बाजी मारली.

"चिठ्ठीत काही दम नसते मॅडम," मधुकरराव मला सांगत. "चिठ्ठी काय गडगडते?"

एके सकाळी चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. 'मधुभाऊंच्या पुस्तकातील सत्तेचाळीस चुका'. पान क्रमांकासह, खाली बबनरावांचे जोडलेले हात. मी धास्तावले. मधुकररावांना रक्तदाबाचा त्रास आहे. ते चष्मा लावून फ्लेक्ससमोर पाऊण तास उभे होते. मग माझ्या ओसरीवर येऊन बसले.

"मॅडम, यानं पान एकसष्टपर्यंत वाचलं."

"काय लिहितो मेला!" मी म्हणाले.

"पान एकसष्टपर्यंत, मॅडम! अख्ख्या पुसदेत नवाच्या पुढं कोनी गेलं नाही."

मी तुळशीकडे बघितलं. पुढे ते हळूच म्हणाले, "आन हे चुका खेळल्याशिवाय सापडतच नाहीत. थो खेळला असन. एकटाच, दोन्ही बाजूंनी."

तरी बोलणं सुरू झालं नाही. मागच्या दिवाळीनंतर कळलं, बबनराव गाळा सोडून मुलीकडे नाशिकला कायमचे चालले. आठ दिवस मधुकरराव सगळ्यांवर खेकसत होते. जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आले. "जाऊन म्हणू का, नको जाऊ म्हणून?" प्रश्न मला नव्हता. फासा माझ्या टेबलावर गडगडला, मिठाच्या बरणीला आपटला आणि थांबला. तीन.

"परत टाका," मी म्हणाले. "बरणी मध्ये आली."

"एकदा पडला तो पडला," ते म्हणाले. पण उठायला त्यांना बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी बबनराव गेले.

तीन आठवड्यांनी मधुकररावांचा फोन वाजला. ना नमस्कार, ना खुशाली. "मधुभाऊ, अठ्ठेचाळिसावी सापडली. पान सव्वीस."

"कशी चूक? खेळून दाखव!"

"खेळून राह्यलो ना! टाक फासा."

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता, दोन्हीकडे चहा घेऊन, 'पूसकाठचे वीर' खेळला जातो. छापखान्यातून आवाज नीट जात नाही म्हणून माझ्या ओसरीवर. बबनराव गारुडी झालेत. फासा एकच आणि तो इकडे, म्हणून त्यांच्या वाटचाही मधुकररावच टाकतात आणि आकडा सांगतात. नियम पान चौदावर आहे, मेलेला वीर परत येत नाही आणि खेळ संपतो.

मागच्या रविवारी गारुड्याला पुलावर भुताने गाठलं. बारा हवे होते.

"टाक!" फोनमधून आवाज आला. त्यांच्या मागे कुणाचा टीव्ही चालू होता. "मधुभाऊ? किती पडले?"

सतरंजीवर दोन पडले होते. मी स्पष्ट पाहिले. मधुकररावांनी फाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही.

"सतरा," मधुकरराव म्हणाले.

"सतरा? बाप्पा! नक्की ना?"

"मॅडमले विचार."

"सतरा," मी म्हणाले.

तर मुलांनो, आलात की फासा हातात घेऊन बघा, हवं तर खेळा, पण परत मागू नका. त्याचा निळा रंग कडांना उडाला आहे, आकडे अजून वाचता येतात. आणि बबनरावांचा गारुडी अजून जिवंत आहे.

तुमची,
आजी